स्टेनलेसची पाठ वाचा: बडोद्यातल्या हौशी मंडळींसाठी टिग वेल्डिंगची सुरुवात

स्टेनलेसचा जोड कसा झाला हे नुसतं समोरून बघून कळत नाही. समोर चकचकीत सोनेरी रेघ दिसते आणि मागे धातू जळून गेलेला असतो. टिग वेल्डिंग म्हणजे हातातल्या टॉर्चमध्ये बसवलेल्या टंगस्टनच्या काडीतून विजेची ज्योत, म्हणजे आर्क, पेटवायची, आर्गन वायूच्या आवरणाखाली धातू वितळवून जोडायचा आणि लागेल तिथे फिलरचा रॉड वितळवून भर घालायची. त्यात शिकायच्या पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या: प्रत्येक तुकडा गार झाला की उलटा करायचा आणि त्याची पाठ बघायची. मशीन कोणतं, रॉड कोणता, किती अँपिअर या सगळ्या प्रश्नांची उत्तरं शेवटी त्या पाठीवरच मिळतात.

हा छंद लागायला बडोद्यासारखं गाव नाही. औषधाचे कारखाने, डेअऱ्या आणि केमिकलवाले यांच्यासाठी स्टेनलेसच्या टाक्या आणि पाइपलाइनी बनवणाऱ्या शेड मकरपुरा जीआयडीसीत आणि पोर-रमणगामडीकडे भरपूर आहेत. त्यामुळे आर्गन, टंगस्टन, फिलर, कप म्हणजे टॉर्चच्या तोंडावरची गॅस सोडणारी नोझल, हे सगळं गावातच मिळतं, आणि मुख्य म्हणजे कटपीस किलोवर मिळतात. दुकानात टिग म्हणण्यापेक्षा ‘आर्गन वेल्डिंगचं सामान’ म्हणा, लगेच समजतं. कोणाच्या हाताखाली बसून शिकायची इच्छा असेल तर तरसाळीच्या आयटीआयमध्ये चौकशी करा. वेल्डरचा पूर्ण ट्रेड एक वर्षाचा असतो, तेवढा वेळ नसेल तर ओळखीच्या शेडमध्ये एखादी दुपार नुसतं उभं राहून कारागिराचे हात बघितले तरी खूप कळतं. मात्र काच डोळ्यावर घेऊनच.

आधी पत्रा, मग मशीन

नवखे लोक मशीनपासून सुरुवात करतात. मी पत्र्यापासून करायला सांगेन, कारण चुकीच्या पत्र्यावर शिकलेलं सगळं गोंधळात टाकतं.

३०४ ग्रेडचा पत्रा मागा. यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. बाजारात दिसायला अगदी तसाच २०२ पण असतो. त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, तो स्वस्त पडतो आणि लवकर गंजतो. लोहचुंबक लावून हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत, दोघांनाही चुंबक चिकटत नाही. उलट ३०४ चा पत्रा वाकवलेला असेल तर त्या वळणावर थोडा चिकटतो, म्हणून तो नकली ठरत नाही. भंगारवाले आणि पत्र्याचे व्यापारी तपासणीच्या रसायनाचा एक थेंब टाकून रंगावरून तपासतात, ती तपासणी समोर करून घ्या. चुंबक घट्ट चिकटला तर तो बहुधा ४३० आहे, तो सध्या बाजूला ठेवा.

जाडी दीड किंवा दोन मिलिमीटर घ्या. एक मिलिमीटरच्या खाली सुरुवातीला जाऊ नका, सारखी भोकं पडतील आणि हुरूप जाईल. स्टेनलेसचा एक मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला साधारण ८ किलो भरतो, त्या हिशेबाने २ मिलिमीटरची ५० बाय १५० ची पट्टी १२० ग्रॅमची. म्हणजे एका किलोत आठ पट्ट्या. पाच-सहा किलो एकदम घ्या. सरावाचा माल कमी पडला की माणूस एकाच पट्टीवर पुन्हापुन्हा रेघा ओढतो, आणि तापलेल्या पट्टीवर रंगाचं काहीच खरं कळत नाही.

मशीन डीसी इन्व्हर्टर, २०० अँपिअरचं पुरतं. एसी-डीसी मशीनचे जास्तीचे पैसे ॲल्युमिनियमसाठी असतात, स्टेनलेसला त्याची गरज नाही. तीन गोष्टी मात्र बघून घ्या. एक, एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी) स्टार्ट, म्हणजे टंगस्टन न टेकवता आर्क पेटतो. दोन, पोस्टफ्लो, म्हणजे आर्क विझल्यावरही काही सेकंद गॅस चालू राहतो. तीन, डाउनस्लोप, म्हणजे करंट एकदम न तुटता हळूहळू उतरतो. या तीन नसतील तर स्वस्त मशीनही महागच पडतं. पल्स, म्हणजे करंट ठोक्याठोक्याने कमी-जास्त करायची सोय, असेल तर चांगलंच, नसेल तर अडत नाही.

आपल्या कामाला ४० ते ८० अँपिअर लागतात. एवढ्या करंटला आर्कचा व्होल्टेज तेराच्या आसपास असतो, त्यामुळे घरातल्या चांगल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर मशीन आरामात चालतं. पूर्ण २०० वर नेलं तर चालणार नाही. वायर जाड हवी, अर्थिंग खरोखरचं हवं, आणि वीजबिलावर मंजूर लोड किती आहे तेही बघून घ्या. मशीनवर लिहिलेली ड्यूटी सायकल, म्हणजे दहा मिनिटांपैकी किती वेळ ते सलग चालवता येतं तो आकडा, बहुधा ४० अंश तापमानाला मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त असतं. सकाळी लवकर काम करा, मशीनलाही बरं आणि तुम्हालाही.

गॅस शुद्ध आर्गनच. सीओटू मिसळलेला, मिगचा (रिळावरच्या तारेने होणाऱ्या वेल्डिंगचा) गॅस इथे चालत नाही, टंगस्टन जळून जातं. पाण्याच्या मापाने १० लिटरची छोटी बाटली १५० बारला भरली की तीत सुमारे १,५०० लिटर आर्गन मावतो. मिनिटाला ८ लिटर वापरलात तर आर्क पेटलेला असतानाचे तीन तास झाले. सरावाला एवढं पुष्कळ आहे. रेग्युलेटर लिटर-प्रति-मिनिट दाखवणाऱ्या फ्लोमीटरचा घ्या आणि प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून गळती बघा. बाटली भिंतीला साखळीने बांधलेली असली पाहिजे. आणताना-नेताना टोपी लावलेली, आणि बंद मोटारीत कधीही नाही.

टंगस्टन घासणं

पन्नास-साठ अँपिअरला १.६ मिलिमीटरचं टंगस्टन योग्य. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, ते किंचित किरणोत्सारी आहे आणि घासताना धूळ छातीत जाते. घरी काम करणाऱ्याने ते का घ्यावं? निळं किंवा सोनेरी टोक, म्हणजे लॅन्थेनमवालं, किंवा राखाडी म्हणजे सेरियमवालं घ्या. आर्क तेवढाच सरळ पेटतो. हिरवं टोक म्हणजे शुद्ध टंगस्टन, ते डीसी स्टेनलेसला नको.

टोक काढताना घासल्याच्या रेघा लांबीच्या दिशेने यायला हव्यात. आडव्या रेघा आल्या की आर्क भरकटतो. टोकाची लांबी जाडीच्या दोन-अडीच पट ठेवा आणि अगदी सुईसारख्या अणीचं शेवटचं टोक किंचित बोथट करा, नाहीतर ते तुटून जोडात पडतं. ग्राइंडरचा दगड टंगस्टनसाठी वेगळा ठेवा. जोडताना टंगस्टन वितळलेल्या धातूत बुडलं तर लगेच थांबा, बुडलेला भाग तोडून पुन्हा घासा. ‘चालतंय तोवर चालवू’ इथे चालत नाही. तो आर्क पुढे प्रत्येक मिलिमीटरला वाकडा जाणार.

कपाबाहेर टंगस्टन ५ ते ६ मिलिमीटर काढा. कप ७ किंवा ८ नंबरचा. जमलं तर टॉर्चला गॅस लेन्स बसवून घ्या. ती गॅस शांत आणि सरळ सोडते, आणि स्टेनलेसवर त्याचा फरक रंगात लगेच दिसतो. सगळ्या खर्चात हा खर्च मला सर्वांत सार्थ वाटतो.

केबल जोडताना टॉर्च निगेटिव्हला, अर्थचा क्लॅम्प पॉझिटिव्हला. उलटं झालं तर टंगस्टनचा गोळा होतो.

डोळे, कातडी, श्वास

टिगमध्ये ठिणग्या उडत नाहीत, आवाज कमी, धूर जवळजवळ नाही. म्हणूनच लोक बेफिकीर होतात. पण या आर्कची अतिनील किरणं तीव्र असतात आणि चकचकीत स्टेनलेसवरून उलटी फिरून हनुवटीखाली, मानेवर, दंडावर येतात. पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, वरचं बटण लावलेलं. टेरिलिन-पॉलिस्टर अंगाला चिकटतं, ते नको. हातमोजे पातळ बकरीच्या कातड्याचे, म्हणजे फिलर बोटांत सरकवता येतो. काच ९ ते १० नंबरची. आपोआप काळी होणारी हेल्मेट कमी करंटच्या टिगला कधीकधी दाद देत नाही, म्हणून घेताना टिगसाठी किती अँपिअरपासून चालते ते विचारा. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये काम करणार असाल तर शेजारच्या मुलांना उजेड दिसणार नाही असा जाड पडदा लावा. मुलं बघतातच.

दिसत नसला तरी धूर असतो. स्टेनलेस तापलं की क्रोमियमचं विषारी रूप हवेत जातं, आणि आर्कमुळे ओझोन तयार होतो. साधा मास्क ओझोन अडवत नाही. त्यामुळे हवा खेळती हवी, पण टॉर्चवर वारा नको, नाहीतर आर्गन उडून जातो. यातला मार्ग असा: छताचा पंखा बंद, दार-खिडकी उघडी, आणि एक एक्झॉस्ट तुमच्यापासून दोन-तीन मीटर लांब, बाहेर ओढणारा. तोंड जोडाच्या अगदी वर आणू नका. आर्गन हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो आणि त्याला वास नसतो. खड्ड्यात, तळघरात किंवा बंद छोट्या खोलीत हे काम करू नये.

साफसफाईला ॲसिटोन वापरा, आणि ते पूर्ण उडून गेल्यावर, डबा लांब ठेवून मगच आर्क पेटवा. ब्रेक साफ करायच्या फवाऱ्यात क्लोरीनवाले द्रव असू शकतात. आर्कच्या उष्णतेने आणि किरणांनी त्यांचा फॉस्जिन हा प्राणघातक वायू होतो. तो डबा त्या खोलीतच नको. घरात कोणाला पेसमेकर असेल तर एचएफ मशीन त्यांच्या आसपास चालवू नका.

पहिली रेघ, फिलरशिवाय

पट्टी दोन्ही बाजूंनी घासून, ॲसिटोनने पुसून घ्या. मागची बाजूही. घासायला स्टेनलेसचाच ब्रश, जो लोखंडाला कधी लागलेला नाही. लोखंडाचे कण स्टेनलेसवर बसले की आठवड्याभरात तांबूस ठिपके दिसतात, आणि पावसाळ्यात तर दोन दिवसांत.

दोन मिलिमीटरला ६० अँपिअरपासून सुरू करा, दीडला ४५ पासून. गॅस मिनिटाला ८ लिटर. प्रीफ्लो, म्हणजे आर्क पेटण्याआधीचा गॅस, अर्धा सेकंद, पोस्टफ्लो ६ ते ८ सेकंद, डाउनस्लोप दोन-तीन सेकंद. टॉर्च उभ्या रेषेपासून १५ अंश कलती, जायच्या दिशेला ढकलत न्यायची. टंगस्टन पट्टीपासून दीड-दोन मिलिमीटरवर. मनगट कशावर तरी टेकलेलं हवं. हवेत हात धरून हे काम कोणालाच जमत नाही, कारागीरही करंगळी टेकवतो.

आर्क पेटवा आणि थांबा. एक-दोन सेकंदांत धातू वितळून छोटं चकचकीत डबकं तयार होतं. तेवढं झालं की सरळ पुढे न्या, डबक्याची रुंदी सारखी राहील अशा वेगाने. पट्टी तापत जाते, त्यामुळे शेवटी वेग वाढवावा लागतो. संपलं की बटण सोडा पण टॉर्च उचलू नका. पोस्टफ्लोचा गॅस पूर्ण संपेपर्यंत तिथेच धरा. टॉर्च झटकन उचलणं ही नवख्याची सगळ्यात पक्की खोड असते, आणि शेवटचा खड्डा काळा पडून तिथेच तडा जातो.

आता रंग बघा. फिकट रुपेरी किंवा गवताळ पिवळा म्हणजे उत्तम. सोनेरी चांगला. निळा-जांभळा म्हणजे उष्णता थोडी जास्त झाली किंवा गॅस लवकर उडाला, छंदाच्या कामाला चालेल. निस्तेज राखाडी किंवा काळा म्हणजे धातूवरचा ऑक्साइडचा थर जाड झाला. त्या थरात क्रोमियम खर्ची पडतं, खालच्या धातूत ते कमी होतं, आणि स्टेनलेसला गंजापासून वाचवणारं तर क्रोमियमच आहे.

राखाडी आला तर बहुतेक जण आधी गॅस वाढवतात. तसं करू नका. मिनिटाला १५-२० लिटरवर गॅस कपातून घुसळत बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. आधी वेग वाढवा, मग आर्क जवळ आणा, मग अँपिअर पाचाने उतरवा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि मार्करने पट्टीवर अँपिअर, लिटर लिहून ठेवा. आणि हो, पट्टी उलटी करा. मागे एक सरळ, अरुंद, रंगीत रेघ दिसली पाहिजे.

दुसरी रेघ मारण्याआधी पट्टी गार होऊ द्या. पाण्याचा थेंब टाकून बघा, तडतडला तर थांबायचं. साध्या लोखंडाच्या मानाने ३०४ उष्णता जेमतेम एक तृतीयांश वेगाने पसरवतं आणि तापल्यावर दीडपट फुगतं. या दोन आकड्यांत स्टेनलेसचे निम्मे त्रास आहेत: उष्णता एका जागी साठते, आणि पत्रा वाकडा होतो.

फिलर

३०४ ला ईआर ३०८ एल, १.६ मिलिमीटरचा. ३१६ असेल तर ईआर ३१६ एल, आणि स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचं असेल तर ईआर ३०९ एल. शेवटचा ‘एल’ म्हणजे कार्बन कमी. कार्बन जास्त असला की साधारण ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान तो क्रोमियमला धरून बसतो आणि जोडाशेजारी गंज सुरू होतो.

फिलर डाव्या हातात, पट्टीला जवळजवळ आडवा, १५ अंशांवर. डबक्याच्या पुढच्या कडेला टोक हलकेच लावायचं, थेंब सुटला की मागे घ्यायचं. मागे म्हणजे सेंटिमीटरभर, गॅसच्या छायेबाहेर नाही. लाल टोक हवेत गेलं की त्यावर ऑक्साइड चढतो आणि पुढच्या बुडवणीत तो जोडात जातो. आर्कमध्ये फिलर वितळवून वरून टाकू नका, डबक्यानेच तो वितळवायचा. बोटांतून फिलर पुढे सरकवायची सवय मशीन बंद ठेवूनही करता येते. संध्याकाळी टीव्ही बघताना एक रॉड घेऊन बसा. मशीनवर पल्स असेल तर सेकंदाला एक-दीड ठोका लावा आणि प्रत्येक ठोक्याला एक थेंब द्या, ताल लवकर बसतो.

जोड, आणि मागची बाजू

सुरुवात बाहेरच्या कोपऱ्याच्या जोडाने करा. दोन पट्ट्यांच्या कडा काटकोनात टेकवायच्या आणि फिलरशिवायच त्या कडा एकमेकींत वितळवायच्या. मग एकावर एक ठेवलेला जोड, मग आतला काटकोन, आणि सपाट बट जोड, म्हणजे कडेला कड भिडवलेला, सगळ्यात शेवटी. बटमध्ये फट राहता कामा नये. दर २५ ते ३० मिलिमीटरला टाका, म्हणजे ठिपक्याएवढा जोड, घाला, लोखंडाला घालता त्यापेक्षा जवळ. आधी दोन टोकं, मग मध्य, मग उरलेल्या जागा. लांब रेघ एका दमात न ओढता तुकड्यातुकड्याने, जागा बदलत मारा.

बट जोडात धातू आरपार वितळतो. समोरून आर्गन आहे, मागे मात्र उघडी हवा. चौदाशे अंशांच्या आसपासचा धातू हवेला लागला की मागे काळी, खडबडीत, करपलेल्या साखरेसारखी खपली येते. ती दिसली की जोड रद्द समजा. तिच्या भेगांत पाणी, दूध, मीठ अडकतं आणि तिथूनच गळती सुरू होते.

पट्टीसाठी सोपा उपाय म्हणजे मागे जाड ॲल्युमिनियमची पट्टी घट्ट दाबून धरणं. ती उष्णता ओढते आणि हवाही अडवते. तांब्याचीही वापरतात, पण तांबं वितळून स्टेनलेसमध्ये गेलं तर तडे जातात, म्हणून नवख्याने ॲल्युमिनियमच घ्यावं.

पाइपला मात्र आत आर्गन भरावाच लागतो, यालाच पर्जिंग म्हणतात. दोन्ही तोंडं ॲल्युमिनियम फॉइलच्या टेपने बंद करा, खालून गॅस आत, वरच्या बाजूला छोटं भोक. आर्गन जड असल्याने तळापासून भरत येतो आणि हवा वरून बाहेर ढकलतो. ५० मिलिमीटर व्यासाच्या, ३० सेंटिमीटर लांब पाइपात साधारण ०.६ लिटर जागा असते. मिनिटाला ४ लिटर सोडले तर नऊ सेकंदांत एकदा भरतो. दहा पट भरू द्या, म्हणजे दीड मिनिट, आणि मगच पेटवा. जोडाची फट टेपने झाका आणि पुढे जाल तशी सोलत जा. बाहेर पडायचं भोक कधी पूर्ण बंद करू नका, आत दाब वाढला की डबकं बाहेर फुगतं. वेल्ड झाल्यावर जोड गार होईपर्यंत आतला गॅस चालू.

यानंतरची सफाई

रंग घालवायला नायलॉनचा खरखरीत पॅड आणि स्टेनलेसचा ब्रश पुरतो. कारखान्यात यासाठी पिकलिंग पेस्ट लावतात. तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, कातडीला लागलं तर आधी दुखतही नाही आणि आत खोलवर जातं. ती घरात आणू नका. रंग घासून काढल्यावर लिंबाची फुलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम विरघळवा, साठ अंशांपर्यंत गरम करून तुकडा अर्धा तास बुडवा आणि भरपूर पाण्याने धुवा. किराणा दुकानात मिळणाऱ्या या पावडरीने पृष्ठभागावरचे लोखंडाचे कण विरघळतात आणि क्रोमियमचा संरक्षक थर पुन्हा नीट धरतो.

पहिली वस्तू म्हणून वरून उघडा चौकोनी डबा करा, तळहाताएवढा. त्यात बाहेरचे कोपरेच कोपरे येतात. तो पाण्याने न तपासता असं करा: बाहेरून सगळ्या जोडांवर खडूची पूड पाण्यात कालवून लावा, वाळू द्या, आणि आत जोडांवर रॉकेल किंवा डिझेल फिरवा. अर्ध्या तासात बाहेरच्या पांढऱ्यावर ओला डाग उठला तर तिथे सूक्ष्म भोक आहे. ती जागा घासून काढा, ॲसिटोनने तेलाचा अंशही राहणार नाही असं पुसा, ते उडून जाऊ द्या, आणि पुन्हा जोडा.

असे दोन-तीन डबे कोरडे राहिले की घरातल्या आणि शेजारच्या फर्माइशी सुरू होतात. देव्हाऱ्याचं स्टँड, कुंडीचा तिवई, तुटलेला झारा, गेटची कडी ही कामं खुशाल घ्या. प्रेशर कुकर, गॅसची शेगडी, दाब धरणारी कोणतीही टाकी, पेट्रोलची टाकी आणि गाडीचा कोणताही भार घेणारा भाग यांना स्पष्ट नाही म्हणा आणि मकरपुऱ्यातल्या अनुभवी वेल्डरकडे पाठवा.